कोरियाला पार्क चुंग-ही मिळाला नसता तर? (आणि 'आपल्याला पण असाच एक पाहिजे' वाल्यांसाठी)

तळेगावकर
नमस्कार मंडळी. आमच्या इथला जुना जीएमचा प्लांट ह्युंदाईने घेतल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर कोरियाप्रेमाला नुसतं उधाण आलंय. दर पंधरा दिवसांनी तोच फॉरवर्ड, की १९६१ साली कोरियाचं दरडोई उत्पन्न शंभर डॉलरच्या पण आत होतं, मग पार्क चुंग-ही नावाचा एक लष्करी अधिकारी सत्तेवर आला, त्याने सगळ्यांना सरळ केलं आणि वीस वर्षांत देश कुठल्या कुठे गेला. आणि खाली शेवटची ओळ ठरलेली, "आपल्याला पण असाच एक पाहिजे, दहा वर्षं फक्त."

काल मी तिथे विचारलं की बाबांनो, सरळ केलं म्हणजे नक्की काय केलं? तर उत्तर म्हणून हात जोडलेल्या इमोज्या आल्या. म्हणून इथे विचारतोय. श्रेय त्या माणसाचं किती, हुकूमशाहीचं किती आणि बाकी परिस्थितीचं किती? जाणकारांनी लिहा. आपलं आत्ताचं राजकारण आणू नका प्लीज, नाहीतर धागा दुपारपर्यंत कुलूपबंद होईल.

चकली
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसले आहे.

राजाभाऊ_मिरजकर
तुमच्या ग्रुपवाल्यांशी मी बराचसा सहमत आहे, शिव्या द्या पाहिजे तर.

सोल ते बुसान हायवे बघा. ४२८ किलोमीटर. फेब्रुवारी १९६८ ला काम सुरू, जुलै १९७० ला रस्ता चालू. पार्क स्वतः नकाशे घेऊन बसायचा. विरोधक म्हणत होते देशात गाड्या किती आणि हायवे कसला बांधताय, त्यांचं ऐकलं असतं तर झाला असता का? पोस्को या त्यांच्या पोलाद कंपनीचं पण तेच. परदेशी कंपन्यांच्या गटाने पैसे द्यायचे होते, वर्ल्ड बँकेचं मत पडलं की तुम्हाला हा स्टील प्लांट झेपणार नाही, झालं, १९६९ ला ते सगळं फिसकटलं. तरी पोहांगच्या वाळूत प्लांट उभा राहिला आणि १९७३ ला दहा लाख टनांची क्षमता तयार. आपल्याकडे एक उड्डाणपूल व्हायला किती वर्षं लागतात ते पुणेकरांना सांगायला नको. गरीब देशाला सुरुवातीला शिस्त लागते, हक्कबिक्क पोट भरल्यावर.

खडकवासला_एक्सप्रेस
+१ राजाभाऊ. उड्डाणपुलाबद्दल विशेष +१. आम्ही तर बांधलेला पाडून परत बांधतोय.

निवृत्त_बँकवाला
राजाभाऊ, त्या हायवेवर ७७ माणसं मेली, त्यांचं स्मारक आहे रस्त्याकडेला, तेही लिहा की. आणि पोस्कोचे पैसे आले कुठून? जपानकडून. १९६५ ला पार्कने जपानशी संबंध सुरळीत करणारा करार केला, त्यात ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर स्वस्त कर्ज मिळालं. जपानी राजवट जाऊन जेमतेम वीस वर्षं झालेली, पोरं रस्त्यावर उतरली, १९६४ ला सोलमध्ये मार्शल लॉ लावावा लागला. त्याच पैशातला मोठा वाटा पोहांगला गेला. शिवाय व्हिएतनामला सगळे मिळून तीन लाखांच्या वर सैनिक पाठवले, त्याबदल्यात अमेरिकेकडून पैसे आणि कंत्राटं. नुसत्या शिस्तीवर भट्टी पेटत नाही.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते बँकांचं. मी सगळी नोकरी कर्ज विभागात काढली म्हणून असेल. पार्कने सत्तेवर आल्या आल्या बड्या व्यापाऱ्यांना बेकायदा संपत्ती जमवली म्हणून आत टाकलं. सॅमसंगचे संस्थापक ली ब्युंग-चुल तेव्हा टोकियोत होते, ते परत आले आणि पार्कला जाऊन भेटले. मग तोडगा निघाला, की तुरुंग नको तर दंड भरा, कारखाने काढा आणि मी सांगतो ते बनवा. सोबत व्यापारी बँकांचा ताबा सरकारने घेतला. इथपर्यंत कुठलाही हुकूमशहा करेल. पुढची गोष्ट वेगळी आहे. निर्यातीची ऑर्डर म्हणजे एलसी (परदेशी ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी) दाखवली की कर्ज जवळजवळ आपोआप, आणि व्याज किती? साठच्या दशकाच्या मध्यात निर्यातदाराला साधारण साडेसहा टक्के, बाकीच्यांना पंचवीसच्या आसपास! आता विचार करा, कोण निर्यात करणार नाही?

आणि दर महिन्याला पार्कच्या अध्यक्षतेखाली निर्यातीची बैठक. मंत्री, सचिव, कारखानदार सगळे एका खोलीत, कोणाचं टार्गेट किती आणि झालं किती ते समोर. ज्याचं अडलं त्याने तिथेच उभं राहून सांगायचं की कस्टममध्ये माल अडकलाय, संबंधित मंत्र्याला तिथेच उत्तर द्यावं लागायचं. १९६४ ला वर्षाची निर्यात १० कोटी डॉलर झाली म्हणून त्यांनी निर्यात दिन सुरू केला, १९७७ ला ती १००० कोटीवर. १९८० चं टार्गेट होतं ते, तीन वर्षं आधी गाठलं.

आम्ही पण कर्जं दिली हो, वरून फोन आला की द्यायचो. फक्त परत विचारायला कोणी यायचं नाही की त्याचं पुढे काय झालं.

कोकणी_मेवा
काकांचा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवावा असा आहे. थोडक्यात फॉरवर्डवाल्यांना हुकूमशहा नकोय, कडक रिकव्हरी ऑफिसर पाहिजे.

मळेवाला
सगळे १९६१ पासून सुरू करतात, हीच गडबड आहे. त्याच्या आधीचं बघा.

कोरियात जमीन वाटप पार्कने नाही केलं, ते १९५० चं आहे. कायदा १९४९ चा. तीन हेक्टरच्या आसपास कमाल मर्यादा, त्यावरची जमीन सरकारने घेऊन कसणाऱ्याला दिली, किंमत म्हणजे वर्षाच्या पिकाच्या दीडपट आणि ती पण पाच वर्षांत धान्याच्या हप्त्यांनी फेडायची. जपान्यांच्या मालकीची जमीन तर त्याआधीच अमेरिकन अमलात वाटायला घेतली होती. मग युद्ध आलं, महागाई इतकी भडकली की जमीनदारांना भरपाई म्हणून मिळालेल्या सरकारी रोख्यांचा कागद झाला. तो वर्गच संपला. गावातला माणूस स्वतःच्या तुकड्याचा मालक झाला आणि त्याने पहिलं काय केलं तर पोराला शाळेत घातलं. पार्क आला तेव्हा लिहिता-वाचता येणारी पोरं पोरी तयार होत्या म्हणून कारखान्यांना कामगार मिळाले.

आणि गंमत ऐका, हे ज्या कृषिमंत्र्याने रेटलं तो चो बोंग-आम, पूर्वाश्रमीचा कम्युनिस्ट. पुढे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, भरपूर मतं घेतली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारने १९५९ ला त्याला हेर ठरवून फाशी दिलं. २०११ ला कोरियाच्या सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरवला. त्याच्या नावाचा फॉरवर्ड आलाय का कोणाला?

आपल्याकडे सीलिंगचा कायदा १९६१ चा. कायदा येणार येणार म्हणून इतकी वर्षं आधी बोंबाबोंब, तोवर सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची, काही ठिकाणी तर पाळण्यातल्या पोरांची नावं चढलेली. आमच्या भागात कोणाकोणाच्या नावावर काय निघालं ते लिहीत नाही, नातेवाईक इथे सभासद आहेत.

कोकणी_मेवा
मळेवाले, कुळकायद्याला एकदम निकालात काढू नका. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. आमच्याकडे खोती गेली, कुळं मालक झाली, आमच्याच घरची बरीच जमीन गेली. आजोबा मरेपर्यंत शिव्या देत होते, मला आज ते योग्यच वाटतं. पण झालं काय, जमीन मिळाली आणि पोरगं शिकून मुंबईला गिरणीत गेलं. कारखाना गावाजवळ आला नाही. एमआयडीसी १९६२ ची आणि कोरियाचं उल्सान औद्योगिक क्षेत्र पण १९६२ चंच. बघा कुठे उल्सान आणि कुठे आमचं लोटे.

राजाभाऊ_मिरजकर
ते एक बरं आहे, चांगलं झालं ते सगळं परिस्थितीमुळे आणि वाईट झालं ते पार्कमुळे. जमीन वाटून झाली १९५० ला, मग १९६१ पर्यंत दहा वर्षं देश अमेरिकेच्या गव्हावर का जगत होता? कोणीतरी ठरवावं लागतं. पोस्कोचंच उदाहरण देतो, ओडिशात २००५ ला करार केला, बारा वर्षं हेलपाटे घातले आणि २०१७ ला गाशा गुंडाळून परत गेले. पोहांगला चार वर्षांत स्टील, जगतसिंगपूरला बारा वर्षांत शून्य.

मळेवाला
जगतसिंगपूरचे ते लोक पानमळेवाले होते राजाभाऊ. पानमळा म्हणजे थोडक्या जागेत बारमाही रोख पैसा, शेडमधला ओलावा सांभाळायला सगळं घर राबतं. तो सोडून प्लांटच्या गेटवर वॉचमन व्हायला कोण तयार होईल? तुम्ही व्हाल? आणि पोस्को भारतातून गेली कुठे, आमच्या माणगावजवळ विळे-भागाडला त्यांचा प्लांट चालू आहे की. जमीन एमआयडीसीची होती, प्रश्न मिटला.

आडवाटेचा
हुकूमशहाचंच श्रेय असेल तर बाकीचे हुकूमशहा का नापास झाले हे फॉरवर्डवाल्यांना विचारा. साठ साली फिलिपिन्स कोरियापेक्षा सुखवस्तू होता. मार्कोसने १९७२ च्या सप्टेंबरमध्ये मार्शल लॉ लावला, पार्कने त्याच्या पुढच्याच महिन्यात युशिन आणलं म्हणजे राज्यघटना बाजूला ठेवून तहहयात राष्ट्राध्यक्ष व्हायची सोय केली. एकाच वर्षातले दोन विद्यार्थी. मार्कोसने कारखाने सोयऱ्याधायऱ्यांना वाटले, निकाल मागितला नाही, १९८६ ला पळून गेला तेव्हा देश कर्जात बुडलेला.

आणि बर्माचा ने विन! पार्कच्या पाठोपाठ १९६२ ला सत्तेवर. हा पण जनरल, हा पण कडक. १९८७ ला त्याने चालू नोटा एका झटक्यात रद्द केल्या आणि ४५ आणि ९० क्याटच्या नोटा चालवल्या, कारण त्याला ९ आकडा लकी होता. ४५ च्या नोटेने भाजी घेऊन सुट्टे कसे द्यायचे ते तुम्हीच बघा.

उत्तर कोरियाचं तर नावच नको. शिस्तीत त्यांचा हात कोण धरणार.

चकली
४५ ची नोट!!! आमच्या वाण्याने त्याबदल्यात थेट चॉकलेटचा डबाच हातात दिला असता.

सुवॉनवासी
उशिरा येतेय, इथे रात्र होती. मी बरीच वर्षं इथे राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, आता माझीच नोकरी मोठी झाली (हलके घ्या). पुस्तकी काही लिहीत नाही, जे ऐकलंय ते लिहिते.

आमच्या जुन्या घरमालकीण आजी देगूकडच्या, म्हणजे पार्कच्याच मुलखातल्या. त्यांच्यासाठी तो देव. त्या सेमाउल चळवळीचं इतकं रंगवून सांगतात, की १९७० च्या हिवाळ्यात सरकारने गावोगाव सिमेंटची पोती पाठवली, प्रत्येक गावाला ३३५, आणि सांगितलं की काय करायचं ते तुम्ही ठरवा पण वाटून घरी न्यायचं नाही, गावाच्या कामाला वापरा. आजींच्या गावाने ओढ्यावर पूल बांधला. ज्या गावांनी काम दाखवलं त्यांना पुढच्या वर्षी आणखी ५०० पोती आणि टनभर लोखंड, ज्यांनी पोती भिजवून दगड केली त्यांना काही नाही. बँकवाले काका म्हणतात तोच खाक्या, फक्त गावपातळीवर. गवताची छपरं जाऊन पत्रे आले, आजींना ते छप्पर अजून आठवतं.

पण त्याच आजी सांगतात की पोलीस रस्त्यात पट्टी घेऊन मुलींच्या स्कर्टची लांबी मोजायचे आणि मुलांचे वाढलेले केस तिथल्या तिथे कात्रीने कापायचे. रात्री बारानंतर संचारबंदी, ती तर १९८२ पर्यंत होती. हे त्या हसत हसत सांगतात. माझ्या टीममधले एक सीनियर ग्वांगजूचे आहेत, ते हसत नाहीत. पार्कच्या काळात कारखाने, रस्ते बहुतेक त्याच्या बाजूच्या मुलखात गेले आणि ग्वांगजूकडचा चोल्ला भाग कोरडा राहिला, ही खदखद आजही मतदानात दिसते. आणि १९८० च्या मेमध्ये ग्वांगजूत आंदोलकांवर सैन्य घालून माणसं मारली, ते पार्कच्याच तालमीतल्या जनरलने केलं. हा विषय निघाला की ते कॉफी घ्यायला उठतात.

सोलला कोणी आलात तर चंग्येचन ओढ्याच्या कडेने दोंगदेमुनकडे चालत जा. तिथे एका पुलावर एका तरुण मुलाचा अर्धपुतळा आहे, चॉन ते-इल. जवळच्याच मार्केटमध्ये कापड कटिंगचं काम करायचा. वर शिलाईच्या खोल्या इतक्या बुटक्या की माळा घालून एकाचे दोन मजले केलेले, माणूस ताठ उभा राहू शकत नव्हता, आणि आत तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास. हा स्वतःच्या बसच्या पैशांतून त्यांना खायला आणायचा आणि घरी चालत जायचा. कामगार कायदा होताच देशात, कागदावर. सगळीकडे अर्ज करून झाले आणि १३ नोव्हेंबर १९७० ला त्याने स्वतःला पेटवून घेतलं, वय २२. "आम्ही यंत्रं नाही" म्हणत धावला. राजाभाऊंचा हायवे त्याच वर्षी जुलैत सुरू झाला होता.

राजाभाऊ_मिरजकर
ताई, हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण माझा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. इंग्लंडच्या गिरण्यांत लहान मुलं होतीच, आपल्या मुंबईच्या चाळीत काय कमी हाल होते? प्रत्येक देशाने हे मोजलंय. कोरियाने मोजलं आणि वर मिळवलं पण. बऱ्याच देशांनी नुसतं मोजलं.

मैत्रेयी_नाशिक
मोजलं कोणी आणि मिळवलं कोणी पण बघा ना राजाभाऊ. निर्यातीत साठ-सत्तरमध्ये होतं काय? कापड, प्लायवूड आणि चक्क केसांचे विग. सगळं तरुण मुलींच्या हातचं. १९७९ ला वायएच नावाच्या विग कंपनीने कारखाना बंद केला, मुली विरोधी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसल्या, पोलीस घुसले, त्यात एक कामगार मुलगी मेली. विरोधी नेते किम यंग-साम यांचं संसदसदस्यत्व काढलं, त्यावरून त्यांच्या बुसान-मासान भागात दंगली, त्या कशा चिरडायच्या यावरून पार्कच्याच माणसांत जुंपली आणि २६ ऑक्टोबरला जेवणाच्या टेबलावर त्याच्याच गुप्तचर प्रमुखाने, किम जे-ग्यूने, पार्कला गोळी घातली. विगवाल्या मुलींपासून तिथपर्यंत अडीच महिने.

हे "दहा वर्षं फक्त" वाल्यांना सांगा. तो पण आधी लवकरच बराकीत परत जाऊ असंच म्हणाला होता. अठरा वर्षं राहिला आणि गेला तो असा.

खडकवासला_एक्सप्रेस
अवांतर: आमच्या कंपनीत (रांजणगाव साईड, कोरियन मालक, नाव घेत नाही) दर सोमवारी सकाळी टार्गेटची मीटिंग असते, कोणाचं कमी भरलं त्याला उभं करतात. आज कळलं हे कुठून आलं. पार्कसाहेब, तुम्ही तिकडे गेलात पण आम्हाला का अडकवलंत.

चकली
किमची तरी मिळते का कॅन्टीनला?

खडकवासला_एक्सप्रेस
मिळते. पोह्यांवर घालून खातात आपली पोरं. नावं ठेवू नका, चांगली लागते.

निवृत्त_बँकवाला
परत मूळ विषयाकडे. मगाशी मी बँकांचं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. १९७२ च्या ३ ऑगस्टला पार्कने वटहुकूम काढला, की कंपन्यांनी खाजगी सावकारांकडून घेतलेली सगळी कर्जं गोठवली. तीन वर्षं मुद्दल मागायचं नाही, नंतर पाच वर्षांत हप्त्याने घ्यायचं, व्याज महिना १.३५ टक्के. कंपन्यांची चैन झाली. पण सावकार म्हणजे फक्त मारवाडी-पेढीवाले समजू नका, तिथे आपल्या भिशीसारखं 'क्ये' असतं, साध्या घरातल्या बायकांनी, पेन्शनरांनी साठवलेले पैसे पण चार पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून कंपन्यांना दिलेले होते. ते सगळे एका रात्रीत अडकले. नंतर छोट्या रकमांना थोडी सूट दिली.

त्यातून बड्या घराण्यांना कळलं की आपण पुरेसे मोठे झालो तर सरकार बुडू देत नाही. १९७३ पासून जहाजं, रसायनं, अवजड यंत्रं, धडाधड कर्ज. १९८० ला तर अर्थव्यवस्था वाढायचं सोडून आकसली. आणि १९९७ ला तीस बड्या समूहांचं कर्ज भांडवलाच्या पाचपट होतं, हानबो बुडाली, किया बुडाली, डिसेंबरात देशावर आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) कर्ज घ्यायची वेळ.

तळेगावकर
काका, तेव्हा लोकांनी सोनं दान केलं तो पण फॉरवर्ड येतो आमच्याकडे. "देशासाठी मंगळसूत्र दिलं" वगैरे.

सुवॉनवासी
दान नव्हतं बहुतेकांचं, विकलं होतं. बँकेत नेऊन द्यायचं, वजन करून पावती घ्यायची, वॉनमध्ये पैसे नंतर मिळायचे. देशाला डॉलर मिळावेत म्हणून ते सोनं बाहेर विकलं. १९९८ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टनांच्या आसपास दिलं, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्यासुद्धा. इथे अजून त्या काळाला नुसतं "आयएमएफ" म्हणतात, "माझ्या बाबांची नोकरी आयएमएफमध्ये गेली" असं. कर्ज २००१ च्या ऑगस्टमध्ये मुदतीआधी फेडलं. आणि ते सगळं निस्तरणारा राष्ट्राध्यक्ष कोण, तर किम दे-जुंग, ज्याला पार्कच्या गुप्तचरांनी १९७३ ला टोकियोच्या हॉटेलातून पळवलं होतं.

आडवाटेचा
म्हणून म्हणतो, १९८७ नंतरचा कोरिया फॉरवर्डमध्ये का नसतो? निवडणुका सुरू झाल्यावर देश कोलमडला नाही, आज आपण फोन, सिरीज, गाड्या म्हणून जो कोरिया ओळखतो तो बराचसा नंतरचाच आहे.

राजाभाऊ_मिरजकर
पाया कोणी घातला?

आडवाटेचा
चो बोंग-आमने. 😀

राजाभाऊ_मिरजकर
बरं बाबा. पण एवढं तरी माना, की पार्कने धनाढ्यांना नाही म्हणायची ताकद दाखवली. सॅमसंगच्याच खत कारखान्यात १९६६ ला सॅकरीनची तस्करी पकडली गेली तेव्हा कारखाना सरकारजमा करायला लावला. आत्ताच्या लोकशाहीत? २०२२ ला त्याच घराण्याच्या वारसाला माफी.

मैत्रेयी_नाशिक
हे मान्य आहे, मनापासून. माफ्यांचा सीझनच असतो तिकडे, १५ ऑगस्ट (त्यांचाही मुक्तिदिन) आला की उद्योगपती बाहेर. पण राष्ट्राध्यक्ष पण आत जातात हेही बघा, पार्कची मुलगीच २०१७ ला कोर्टाने पदावरून काढली आणि तुरुंगात गेली. आणि २०२४ च्या ३ डिसेंबरला युन सुक-योलने रात्री मार्शल लॉ लावला तेव्हा खासदार संसदेच्या भिंतीवरून उड्या मारून आत गेले, सभापतीसुद्धा, साठी उलटलेला माणूस. मध्यरात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध ० मतांनी तो रद्द. एप्रिलमध्ये युन घरी.

सुवॉनवासी
त्या रात्री आजींचा फोन आलेला मला, की दूध आणि रामेन भरून ठेव, बाहेर पडू नको. पार्कभक्त आजी! मी म्हटलं, आजी तुमच्या आवडीचंच आलंय की परत. तर म्हणाल्या गप्प बस आणि बाथटब पाण्याने भर.

मळेवाला
आजींचा स्वतंत्र धागा काढा ताई.

तळेगावकर
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. जमीनवाटप, एलसीवरचं कर्ज आणि चॉन ते-इल हे तीन मुद्दे आत्ताच ग्रुपवर टाकलेत. एकाने "अर्बन नक्षल" लिहिलंय आणि एकाने विचारलंय की साडेसहा टक्क्याने कर्ज कुठली बँक देते. एक शंका राहिली, ग्वांगजूवाल्या त्या जनरलचं पुढे काय झालं?

मैत्रेयी_नाशिक
चुन दू-ह्वान. १९९६ ला फाशीची शिक्षा, अपिलात जन्मठेप, १९९७ च्या डिसेंबरात माफी. पण लाचखोरीबद्दल २२०० कोटी वॉनहून जास्त... थांबा, एक शून्य राहिलं, २२,००० कोटी वॉनहून जास्त दंड होता, तो माफ नव्हता. २००३ ला कोर्टाने मालमत्ता विचारली तर म्हणाला बँकेत २ लाख ९० हजार वॉन आहेत फक्त.

निवृत्त_बँकवाला
म्हणजे आपले वीस हजाराच्या आतच. वसुली झाली का पुढे?

मैत्रेयी_नाशिक
अर्ध्याहून थोडी जास्त. बाकी ठेवून २०२१ ला वारला. मधल्या काळात गोल्फ चालू होतं.

कोकणी_मेवा
काका, ही फाईल तुमच्याकडे द्यायला हवी होती.